चार दहाचा फोन

"रोज बंद पडते ते भलं, बाई. कधी कधी बंद पडते ते माणसाले खाते."

नासीरभाई हे वाक्य फोनबद्दल म्हणायचे, संगणकाबद्दल म्हणायचे, पावसाबद्दल म्हणायचे आणि एकदा आपल्या धाकट्या मेहुण्याबद्दलही म्हणाले होते. साफ मोडलेल्या वस्तूबद्दल त्यांना आदर वाटे. तिच्यात लबाडी नसते. ती मोडली आहे हे ती सरळ सांगते. मधूनच चालणाऱ्या, मधूनच रुसणाऱ्या वस्तूपुढे मात्र ते मांडी घालून बसत आणि तिच्याकडे असे बघत राहत, की जणू ती आता कबुली देणार.

ते गेल्याला दोन वर्षं होतील. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. पुस्तक कुठे ठेवायचं हे मला लवकर कळतं, माणूस कुठे ठेवायचा हे कळायला वेळ लागतो.

अमरावतीत एका शाळेच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत आमचं केंद्र होतं. त्या वर्षांत आमच्याकडच्या वर्तमानपत्रात एक बातमी रोज असायची. फक्त गावाचं नाव बदलायचं. ज्यांना जगणं नको झालंय त्यांनी आम्हाला फोन करावा आणि आम्ही ऐकावं, एवढंच आमचं काम. केंद्र शोभाताईंनी सुरू केलं होतं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि आम्हा सहासात जणांना अजून वर्गातल्यासारखंच वागवायच्या. त्यांनी शिकवलेले नियम दोनच. फोन तिसऱ्यांदा वाजू द्यायचा नाही. आणि समोरून कोणी बोललं नाही तरी फोन ठेवायचा नाही. "न बोलणारासुद्धा बोलायलाच आलेला असतो," असं त्या म्हणायच्या. अशा फोनपुढे नोंदवहीत आम्ही 'मूक' असं लिहायचो. एकदा मी सव्वीस मिनिटं कोणाचा तरी श्वास ऐकत बसले होते. शेवटी एक बाई म्हणाली, "ठेवते आता, भाकरी टाकायच्या हायेत." मला वाटतं, त्या दिवशी मी थोडं काम केलं.

तारेचा साधा फोन पावसाळ्यात महिना महिना मरून पडायचा. म्हणून नासीरभाईंनी आम्हाला इंटरनेटवरून चालणारे दोन फोन बसवून दिले. ते अचलपूरचे. वडील सतरंज्या विणायचे. नासीरभाई आधी रेडिओ दुरुस्त करत, मग टेलिफोनच्या खांबांवर चढले, मग वय झाल्यावर खांबावरून उतरून संगणकांखाली शिरले. अमरावती आणि अकोल्यातली दहाबारा कचेऱ्यांची यंत्रं त्यांच्याकडे होती. अचलपूरहून एसटीने यायचे. उंच, किडकिडीत, दाढीचे पांढरे खुंट. शर्टाच्या खिशात स्क्रू फिरवायचा एक पेचकस आणि एक जुना टूथब्रश. ब्रशने ते यंत्रांच्या भोकांतला कापूस काढायचे. "अकोल्याच्या कॉम्प्युटरमध्ये अर्धी गादी निंगते," म्हणायचे. कापडी पिशवीत डबा आणि एक लांब वही, पाठीमागे पाढे छापलेली. कुठलं यंत्र किती वाजता बंद पडलं आणि त्या वेळी काय काय चालू होतं, हे सगळं त्या वहीत. अक्षर किरटं, पण सरळ रेषेत. वडिलांकडून हात आला असावा.

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधली गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली होती. तिथला संगणक दिवसातून एकदा बंद पडायचा. नासीरभाई गेले तेव्हा तो छान चालू होता. शेठ म्हणाले, "चालू आहे भाऊ, चहा घ्या आणि निघा." नासीरभाई म्हणाले, "शेठ, मी चालू पाहाले नाही आलो. बंद पाहाले आलो." आणि बसले. दोन तास झाले. शेठ चिडले. "तुम्हाला दुसरं काम नाही का?" "हाय ना. पण ते याच्यानंतर हाय." चौथ्या तासाला शेडमधला मोठा पट्टा सुरू झाला, जमीन थरथरली, भिंतीतली पिन अर्धा बोट सरकली आणि संगणक काळा पडला. हे सांगताना नासीरभाईंचा चेहरा असा व्हायचा, की जणू घरी मूल झालंय.

ते चेष्टाही सहन करत. एकदा शोभाताईंनी विचारलं, "नासीरभाई, निकाहात तरी एका फटक्यात 'कबूल है' म्हणालात का? की बसलात तपासत?"

"ताई, आमच्यात तीनदाच म्हणाले लावतात. पद्धतच टेस्टिंगची हाय."

शोभाताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या खोलीत हसण्याचे प्रसंग कमी येत, म्हणून लक्षात आहे.

त्या वर्षी, पेरण्या दोनदा वाया गेल्यानंतर, आमचे फोन मधूनमधून रुसायला लागले. फोनच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवा होता. तो अचानक विझायचा. विझला, की बाहेरच्याला आमचा नंबर व्यस्त लागायचा. थोड्या वेळाने दिवा आपोआप पेटायचा. कधी आठवड्यात एकदा, कधी दिवसातून दोनदा. नासीरभाईंनी तारा बदलल्या. चार दिवस ठीक चाललं. शोभाताईंनी पेढे आणले. नासीरभाईंनी आपला पेढा कागदात बांधून खिशात ठेवला. "दहा दिवसांनी खातो." सहाव्या दिवशी दिवा विझला. मग त्यांनी राउटर बदलला. पुन्हा चार दिवस, पुन्हा पेढा, पुन्हा कागद. इंटरनेट कंपनीचा माणूस येऊन गेला. तो आला तेव्हा सगळं चालू होतं. "इथं तर काहीच नाही," म्हणाला. नासीरभाई त्याच्या पाठीकडे बघत म्हणाले, "याले चालू पाहाची सवय हाय."

त्यांनी आम्हाला एकच गोष्ट मागितली होती. "दिवा विझला की हात लावू नका. टाइम लिहा आणि मले फोन करा. बंद करून चालू कराल तर चोर पळून जाईल."

आम्ही ते केलं नाही. राउटरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं, की दिवा दोन मिनिटांत पेटायचा. ते आम्हाला कळलं होतं. मग अचलपूरहून दीड तासाची एसटी करून म्हाताऱ्या माणसाला कशाला बोलवायचं? आम्ही त्यांचा त्रास वाचवत होतो. बटण दाबायचो आणि लिहायचोही नाही, कारण लिहिलं की ते वाचतील आणि येतील. ते आले की त्यांच्या वहीत तीन नोंदी, आणि प्रत्यक्षात दिवा विझलेला अकरा वेळा. ते त्या तीन नोंदींकडे बघून तास तास हिशोब जुळवायचे आणि तो जुळायचा नाही. "हे मले खाऊन राहिलं," एवढंच म्हणायचे.

मग कांताबाई आली.

दुपारची वेळ होती. नासीरभाई टेबलाखाली पालथे पडून तारा बघत होते. एक चाळिशीची बाई जिना चढून आली, दारातच उभी राहिली. पदराच्या गाठीतून तिने एक साधा मोबाइल काढला. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातली. मोबाइल तिच्या धाकट्या भावाचा होता. तो गेला त्याला तेरा दिवस झाले होते. सगळं आटोपल्यावर तिने मोबाइल उघडला, तर शेवटचे तीन फोन एकाच नंबरला लावलेले. तो नंबर कोणाचा हे विचारत विचारत ती आमच्यापर्यंत आली होती.

चार वाजून दहा. चार चौदा. चार एकवीस.

शोभाताईंनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. ती बसली नाही. पाणी हातात धरून म्हणाली, "तुमी उचलला काहून नाही?"

ती रागावलेली नव्हती. खरंच विचारत होती.

शोभाताईंनी त्या दिवसाची नोंदवही उघडली. दुपारी तीननंतर पान कोरं होतं. वर त्या दिवशीच्या कार्यकर्त्याचं नाव होतं. ते माझं होतं.

मला तो दिवस आठवत होता. चारच्या सुमाराला दिवा विझला होता. पेटेल आपोआप, म्हणून मी पुस्तक उघडलं. मग बराच वेळ झाला तसं उठून बटण दाबलं. दिवा लागला तेव्हा समोरच्या घड्याळात चार पंचवीस झाले होते. मी लिहिलं नाही.

टेबलाखालून नासीरभाई बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कांताबाईला म्हणाले, "बहेन, तो मोबाइल मले दोन मिनिटं देता?" त्यांनी वहीत तिन्ही वेळा उतरवून घेतल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी त्यांना चार पंचवीस सांगितलं. त्यांनी तेही उतरवलं. मग पुन्हा टेबलाखाली गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन दिवस ते अचलपूरला गेले नाहीत. केंद्राच्या मागच्या खोलीत बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, तर वहीचं अगदी पहिलं पान उघडून बसले होते.

"बाई, सापडलं."

आवाजात जिनिंगवाला आनंद नव्हता.

त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मला समजलं, कारण ते तसंच सांगायचे. आपण नावं लक्षात ठेवतो, यंत्र आकडे ओळखतं. आमचे फोन दर तासाला आपल्या मुख्य यंत्राशी जोडून घ्यायचे. त्यांना त्याचं नाव ठाऊक होतं, आकडा नव्हता. तो आकडा विचारायला नासीरभाईंनी दोन ठिकाणं नेमून दिली होती.

"समजा, तुमी आमच्या गल्लीत कोणाचं घर शोधून राहिल्या. कोपऱ्यावर दोन बुढे बसलेले असतात. पहिल्याले सगळे पत्ते पाठ. तो कामात असला, उत्तर द्याले उशीर लागला, तर तुमी दुसऱ्याले विचारता. आता तो दुसरा बुढा मरून गेला. पण खुर्ची कोणी उचलली नाही. तुमी त्या खुर्चीले पत्ता विचारून राहिल्या. उत्तर येत नाही, अन् तुमी तिथंच उभ्या."

फोन कधीतरी त्या खुर्चीकडे जायचे आणि तिथेच अडकायचे. बटण दाबलं की सगळं विसरून पुन्हा पहिल्या बुढ्याकडे यायचे. म्हणून लगेच चालू व्हायचे आणि म्हणून कोणालाच काही सापडायचं नाही. पण चारपासून चार पंचवीसपर्यंत बटण कोणी दाबलं नव्हतं. तेवढीच पंचवीस मिनिटं चोर पळाला नव्हता. फोनच्या पोटातल्या नोंदींत ती मिनिटं शोधल्यावर फोन कोणाला विचारत होता हे दिसलं.

"दुसरा बुढा कोण?" मी विचारलं.

त्यांनी वहीचं पहिलं पान माझ्याकडे सरकवलं. त्यांच्याच अक्षरात एक आकडा होता. पूर्वी अकोल्यात आमची एक खोली होती. तिथल्या यंत्राचा तो आकडा. कार्यकर्ते मिळेनात म्हणून ती खोली आम्ही बंद केली. यंत्र सोडवून, एसटीत मांडीवर ठेवून अमरावतीला आणलं ते नासीरभाईंनीच. ते आमच्या कपाटाशेजारी होतं. त्यावर कापड घालून आम्ही पाण्याचा माठ ठेवला होता.

"मी सोडवलं. अन् त्याचं नाव काढाले विसरलो." मग माठाकडे बघत म्हणाले, "अब्बा म्हणत, तुटलेला धागा विणतानाच दिसते. ढिला धागा दहा वर्षांनी दिसते, अन् तोवर सतरंजी दुसऱ्याच्या घरी असते."

त्यांनी तो आकडा दोन्ही फोनमधून काढून टाकला. दोन मिनिटांचं काम होतं.

शोभाताईंचं म्हणणं पडलं, की कांताबाईला लाइन खराब होती एवढं कळवावं. "खोटं नाही ते. आणि सगळं सांगून काय होणार, नासीरभाई? तिला काय समजणार आहे त्यातलं?"

"समजाचं का नाही ते तिनं ठरवावं ना, ताई."

मी त्यांच्याबरोबर गेले. नांदगाव खंडेश्वरपर्यंत एसटी, पुढे एका ऑटोत दाटीवाटीने. तूर हातभर वाढून थांबली होती. कांताबाई अंगणात शेंगा निवडत होती. आम्हाला पाहून उठली, सतरंजी टाकली. नासीरभाई सतरंजीवर बसले नाहीत, जमिनीवर बसले. त्यांनी तिला दोन बुढ्यांची गोष्ट सांगितली, अगदी मला सांगितली तशीच, आणि शेवटी म्हणाले, "ते खुर्ची मी उचलाले पाहिजे होती. चूक माझी हाय. तुमच्या भावानं बरोबर नंबर लावला होता."

ती ऐकत होती. मी माझं वाक्य मनात जुळवून बसले होते. मी तिथे होते, मी पुस्तक वाचत होते, मी लिहिलं नाही, मी बटण वेळेवर दाबलं नाही. नासीरभाईंनी त्यातलं एकही सांगितलं नाही. आणि मीही गप्प बसले.

कांताबाईने शेंगांवरून हात फिरवला. मग तिने विचारलं, "मंग आता लागते का?"

दुसरा कोणी असता तर 'हो' म्हणाला असता. नासीरभाईंना ते जमेना. त्यांनी आयुष्यात मधूनच बंद पडलेल्या वस्तूबद्दल 'आता चालते' असं म्हटलं नव्हतं.

"आज लागते," ते म्हणाले. "उद्या लागन का, ते मी उद्या पाहीन."

"पाहत जा," ती म्हणाली. "रोज पाहत जा."

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "माझंही सांगायला हवं होतं."

"दोन चुका सांगितल्या असत्या, बाई, तर कोणावर राग करावा हे तिले समजलं नसतं. एकाच माणसावर बरं पडते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिनं तर माह्यावरही केला नाही."

दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजून दहा मिनिटांनी केंद्रातला फोन वाजायला लागला. "लागला," पलीकडून नासीरभाई म्हणत आणि ठेवून देत. अचलपूरहून, परतवाड्याच्या स्टँडवरून, अकोल्यातल्या कुठल्या तरी कचेरीतून. ईदच्या दिवशी. मुलीच्या लग्नाच्या दिवशी. त्या दिवशी मागे बँड ऐकू येत होता. एकही दिवस चुकला नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, दोन शब्द तरी बोला, कसे आहात?" तर म्हणाले, "लाइन अडते, बाई. दुसऱ्याले लागू द्या." आणि फोन बंद.

फोन पुन्हा कधी रुसले नाहीत. दहा दिवस झाले, महिना झाला, वर्ष झालं. पेढा त्यांनी खाल्ला नाही. हळूहळू अकोल्यातल्या एकदोन वगळता त्यांनी बाकीच्या कचेऱ्या सोडल्या. आले की टेबलाजवळ उभे राहत, हिरव्या दिव्याकडे बघत आणि जात. खुर्ची पुढे केली तरी बसत नसत. आधीच किडकिडीत, ते आणखी वाळले. शोभाताई म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवा." ते म्हणाले, "कधी कधीच दुखते." आपलंच वाक्य त्यांना आठवलं नसेल असं मला वाटत नाही.

आम्ही सगळे त्या चार दहाच्या फोनला सरावलो. वहीत त्यापुढे 'चाचणी' असं लिहायचो. पुढे पुढे तर चार वाजताच लिहून ठेवायचो. ते 'लागला' म्हणायचे, आम्ही 'बरं' म्हणायचो. दोन्ही बाजूंनी फोन एकदमच खाली जायचा.

ते गेल्याची बातमी त्यांच्या मुलीने सांगितली. हृदय. घरी, सकाळी, चहा समोर असताना. त्याच्या आदल्या दिवशीचं पान मी नंतर पाहिलं. चार दहा. नासीरभाई. चाचणी. त्या दिवशी केंद्रात फोनवर बसलेल्या तरुण कार्यकर्तीला मी विचारलं. ती म्हणाली, "'लागला' म्हणाले. मी 'बरं' म्हटलं. मग त्यांनी ठेवला नाही, मला श्वास ऐकू येत होता. मी दोनदा हॅलो केलं. म्हटलं, विसरले असतील ठेवायला. मग मीच ठेवला, लाइन अडते म्हणून."

ते वाक्य तिला आम्हीच शिकवलं होतं. शोभाताईंचा दुसरा नियमही तिला पाठ होता. पण तो नियम फोन करणाऱ्यांसाठी होता, आणि नासीरभाईंना आमच्यापैकी कोणीच त्यांच्यात धरलं नव्हतं.

मी तर त्या वेळी त्यांना पाहत होते.

त्या दिवशी मी अकोल्याला बहिणीकडे गेले होते. परतीची गाडी स्टँडवर लागली होती, मला खिडकी मिळाली होती. पलीकडे अचलपूरच्या फलाटाशी नासीरभाई उभे दिसले. पायाशी कापडी पिशवी, कानाला मोबाइल. मी घड्याळ पाहिलं, चार दहा. त्यांचे ओठ एकदाच हलले. काय म्हणाले ते मला ठाऊक होतं. मी हात वर केला, त्यांचं लक्ष नव्हतं. खाली उतरावं असं मनात आलं. पण जागा गेली असती, आणि चारचौघांत जाऊन विचारणार तरी काय? आमची गाडी सुरू झाली, मागे आली, वळली. ते अजून तसेच उभे होते. फोन कानाला होता. तोंड मिटलेलं होतं.